दाजींनी मोजलेली नाडी

आमच्या दाजींच्या मते जगात भित्रं कोणी नव्हतं आणि रागीटही कोणी नव्हतं. होत्या त्या फक्त ग्रंथी. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. निपाणीच्या एका हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथींवर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा आपल्यावरही नाही, असं आक्काच म्हणायची. संकट दिसलं की मेंदूचा हुकूम सुटतो, ग्रंथीचा गाभा अ‍ॅड्रिनलिन सोडतो, काळीज धडधडतं, तोंडाला कोरड पडते; मागाहून तिची साल कॉर्टिसॉल पाठवते, म्हणजे झुंज लांबली तरी शिधा पुरावा. हे सगळं ते भर पंक्तीत, वाढप्याला थांबवून सांगायचे. मग समोरच्याचं मनगट धरायचे, जुनं घड्याळ डोळ्यांपाशी न्यायचे आणि नाडीचा आकडा जाहीर करायचे.

एकदा बेळगावच्या बसमध्ये कंडक्टर एका म्हातारीशी मिरचीच्या पोत्यावरून भांडत होता. दाजींनी उठून त्याचंच मनगट धरलं. "आप्पा, तुम्ही न्हाय भांडत, तुमची ग्रंथी भांडतीया. एकशे सव्वीस!" कंडक्टर पांढरा पडला. "मास्तर, मी मरतो काय?" "न्हाय न्हाय. खाली बसा जरा." पोतं आणि कंडक्टर शेजारी शेजारी बसून बेळगावपर्यंत आले. माझ्या चुलतबहिणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा दाजींनी नवऱ्या मुलाची नाडी पाहिली आणि सर्वांदेखत म्हणाले, "एकशे दहा. पोरगा चांगला हाय. भ्यालाय म्हंजे पोरीची किंमत कळलीया." लग्न ठरलं.

माझी गोष्ट मात्र ठरत नव्हती. बेळगावातल्या एका शाळेत मला शिक्षक व्हायचं होतं, आणि मुलाखत कन्नडात होती. कन्नड मी वाचायचो, पण चारचौघांत ओठांवर येत नसे. आधीच्या दोन मुलाखतींना मी व्हरांड्यातूनच परतलो होतो. या वेळी हुकलं तर वडील मला तंबाखूच्या वखारीत बसवणार होते. पुस्तकं सुटणार होती. म्हणून दाजी सोबत आले.

व्हरांड्यात त्यांनी मनगट धरलं. "एकशे चौतीस! झकास!"

"दाजी, मी जातो परत."

"बस रं, पावणं. हीच ग्रंथी दुखणं बोथट करणारे बारीक पेप्टाइडबी सोडती. नव्या मासिकात आलंय. भ्या घालती तीच पाठीवर हातबी फिरवती. थांब की जरा."

मी थांबलो. हात त्यांच्याच हातात होता. "एकशे बारा... शंभर... अठ्ठ्याऐंशी. जा आता."

मी गेलो. कन्नड मोडकंतोडकं आलं, पण आलं. नोकरी लागली, वखार टळली.

पुढे काही वर्षांनी दाजींचं ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी त्यांनी घड्याळ काढून माझ्या हाती दिलं. "माझी मोज." त्यांचा हात गार पडला होता. मी घड्याळ डोळ्यांपाशी नेलं आणि पाहतच राहिलो.

"दाजी, ह्याला सेकंदकाटा कुठाय?"

"तो आमच्या वरातीतच गळला. तू मोज."

मी बराच वेळ मनगट धरून बसलो. मग म्हणालो, "बहात्तर."

"खोटारडा," ते हसले. "पण बरं वाटलं."

ते परत आले नाहीत. घड्याळ माझ्याकडे आहे. घड्याळजी दोनदा म्हणाला, नवा काटा बसवून देतो. मी नको म्हटलं. निपाणीला गेलो की आक्का मनगट पुढे करते. मी घड्याळ डोळ्यांपाशी नेतो, आणि बऱ्याच वेळानं बहात्तर सांगतो.