जिथे दोरा नाही

जिन्याखालच्या खोलीत रफूताईचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते मनाच्या समाधानासाठी. एक खिडकी, खिडकीला लागून टेबल, कपडे टांगायचा दांडा आणि दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढी जागा. तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची पांढरी भिंत होती. दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडून आत यायचं, तोवर त्यातली धग जाऊन नुसता मऊ उजेड उरलेला असायचा. त्या उजेडात ताईला कापडातला धागा न् धागा दिसे. खरं सांगायचं तर आणखीही बरंच दिसे. झिजलेलं कोपर हातात आलं, की टेबलावर कोपर टेकून कुणाची तरी वाट बघणारा माणूस दिसायचा. उसवलेली कॉलर आली, की तिला धरून रडलेलं मूल. तासन्‌तास ती तिकडेच असे आणि सुई आपली इकडे चालत राही. नवरा विचारायचा, तू दुकानात जातेस की सिनेमाला?

पण ही स्वप्नाळू बाई धंद्यात मात्र पक्की होती. तिच्या आईचंही रफूचंच दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने घरी इस्त्रीने जाळलेला कोट आईच्या माथी मारला, भर रस्त्यात तमाशा केला. चोराच्या उलट्या बोंबा, पण बोंब मोठी असली की लोकांना खरी वाटते. वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून ताई ताकही फुंकून प्यायला लागली.

तिची रीत अशी. कपडा आला की तो गिऱ्हाइकासमोर खिडकीत धरायचा. जे भोक बुजवायचं ते गिऱ्हाइकाने दाखवायचं आणि तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची, तीही त्याच्याच हाताने. काम झालं की ताई त्या गाठी सोडून त्याच्या हातावर ठेवी. कुणी नंतर भांडत आलं, की ती शांतपणे म्हणे, जिथे दोरा नाही तिथे माझा हात नाही. भल्याभल्यांची तोंडं या एका वाक्याने बंद झाली होती.

हीच रीत ऐकून चौकातली लॉन्ड्रीवाली तिच्याकडे आली. मोठी लॉन्ड्री, हॉटेलांचे कपडे, आणि रोज कुणी ना कुणी ओरडणारं की हे तुम्हीच फाडलं. आमची सगळी रफू यापुढे तूच कर, असं ती म्हणाली. नवऱ्याची पाठ गेल्यापासून त्याचं ट्रक चालवणं सुटलं होतं. हे काम मिळालं तर घर उभं राहणार होतं. मंगळवारी पहिलं गाठोडं यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात पोस्टातले काका आपला राखाडी लोकरी कोट घेऊन आले. चाळीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस. अख्ख्या गावाचे पत्ते तोंडपाठ. बायको जाऊन सहा महिने झाले होते. त्यांनी तीन गाठी मारल्या. एकेका गाठीला इतका वेळ लागला, की ताईची तेवढ्यात एक डुलकी झाली असती.

तिन्ही भोकं बुजली. आतल्या शिवणीतून काढलेला कोटाचाच धागा थोडा उरला होता. उरलेला धागा वाया घालवणं म्हणजे रफूवाल्यांच्या घरात पाप. कोट उलटापालटा करताना खिशाचं झाकण उचललं गेलं आणि खाली करंगळीएवढं एक भोक दिसलं. उजेड मऊ होता. ताईला दिसलं, की कुणीतरी दोघं रस्ता ओलांडताहेत, हळूहळू, गाड्यांना थांबवत. ती त्यांच्याबरोबर पलीकडे पोचली तेव्हा भोक बुजलं होतं. दोरा नव्हता हे तिच्या लक्षात आलं, पण वाईट काय झालं? म्हातारा खूशच होईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

मंगळवारी काका आले तेव्हा लॉन्ड्रीवाली गाठोडं टेबलावर ठेवून कामं समजावून सांगत होती. काकांनी गाठी घेतल्या, कोट अंगात घातला आणि झाकणाखाली हात घातला. बोट फिरत राहिलं. एकदा, दोनदा. मग त्यांनी दुसऱ्या खिशाखाली बघितलं.

"इथे एक भोक होतं," ते म्हणाले. "रस्ता ओलांडताना ही त्यात करंगळी अडकवायची. कधी शिवू दिलं नाही तिने."

लॉन्ड्रीवालीने लगेच ताईचंच वाक्य त्यांना ऐकवलं. दोरा होता का तिथे? नव्हता ना? मग तिथे ताईचा हात लागलेला नाही.

काका गोंधळले. "मग नसेलच," ते हळू म्हणाले. "मुलगा म्हणतोच, बाबा, तुम्ही आता काहीही आठवता."

झालं. ताईने तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. रीत तिच्या बाजूने होती, गाठोडं टेबलावर होतं, आणि म्हातारा स्वतःच हार मानून दाराकडे वळला होता. आईचं बंद दुकान तिला दिसलं, घरी पाठ शेकत पडलेला नवरा दिसला. या वेळी ते स्वप्न नव्हतं. तिला भीती वाटली, खूप भीती वाटली.

"काका, होतं," ती म्हणाली. "मी बुजवलं. दोरा नसताना बुजवलं."

लॉन्ड्रीवालीने तिच्याकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस, एवढंच ती बोलली आणि गाठोडं उचलून, उद्या बघते म्हणत निघून गेली. या धंद्यात उद्या बघते म्हणजे काय, ते ताईला माहीत होतं.

पुन्हा उसवून देऊ का, असं तिने काकांना विचारलं. तसंच होणार नाही, हेही सांगून टाकलं. माफी मागितली. मग तिने त्यांचं बोट धरून झाकणाखाली नेमक्या जागेवर ठेवलं.

काकांनी बुजलेल्या जागेवरून बोट पुन्हा एकदा फिरवलं.

"डाव्या हाताची करंगळी," ते म्हणाले. "आठवतंय मला. सगळं बरोबर आठवतंय."