ठमाबाईंचा येता-जाता ताप

शेळगावच्या ठमाबाईंना ताप यायचा तो न सांगता, आणि जायचाही तसाच. आला की दात कडकडा वाजायचे, चार गोधड्यांनी भागायचं नाही. पण तापात दवाखान्यात जायला त्या तयार नसत. "हितं उभं ऱ्हायला येईना, बारामतीला काय जाती मी? बरं वाटलं की जाऊ." दोन-तीन दिवसांत ताप उतरायचा. मग ठमाबाई न्हाऊन-माखून, ठेवणीतलं इरकल नेसून बारामतीच्या डॉक्टरीणबाईंपुढं बसायच्या. रक्त तपासलं तर काही नाही. आठवडाभरात पुन्हा हुडहुडी.

त्यांचे मालक हिंदुराव. शेतात उसाच्या लागणीचं काम निघालं की हिला ताप भरतो, असा शोध त्यांनी लावला. घरात सांगितला तो सांगितला, पारावरही सांगितला. "सोंग हाय समदं!"

ठमाबाई जन्मभर कामाला वाघ. त्यांना ताप सोसला, हा शब्द सोसला नाही. कुणी चौकशी केली की "मला काय न्हाय झालं" म्हणायच्या आणि गोठ्यात जाऊन गाईच्या कानामागचे गोचीड नखांनी वेचत बसायच्या. तेवढाच त्यांचा विरंगुळा.

सून सोनम हिला सासूचं ते गप्प होणं बघवेना. पुन्हा अंग तापलं तशी तिनं स्कूटी काढली.

"आत्या, बसा मागं."

"आगं, लुगड्याला शेण हाय माझ्या!"

"असू द्या. डॉक्टरला ताप दाखवायचाय, लुगडं न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी भर तापातच रक्त घेतलं, मायक्रोस्कोपखाली धरलं आणि खुर्चीतून उठल्याच. स्क्रूसारखे पिळलेले जंतू होते.

"गोचीड चावून होतो हा ताप. आपल्याकडं अजून फारसा कुणाला माहीत नाही. जंतू सापडतात ते ताप चढलेला असताना, आणि तुम्ही दरवेळी उतरल्यावर यायचात."

"म्हंजी खरा हाय का?" ठमाबाईंनी एवढंच विचारलं.

"अगदी खरा. आणि औषधानं बरा होणारा."

ठमाबाई तशा तापातही हसल्या.

त्यांना तिथंच दाखल करून घेतलं. संध्याकाळी हिंदुराव आले. आधी सलाईनच्या बाटलीकडं बघितलं, मग पंख्याकडं, आणि शेवटी पुटपुटले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं म्हना," ठमाबाई म्हणाल्या. "पारावर हळू बोलला व्हता का?"

हिंदुरावांनी घसा खाकरला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं. शेजारच्या खाटांवरची माणसं हसली. ठमाबाईंना मात्र इतक्या दिवसांचं रडू तेव्हा आलं.