गावदेवीच्या वाटेवर तेल गळलं

माझ्या बायकोच्या, वनिताच्या किडन्या निकामी झाल्या, त्या वर्षी मी देवाला हात जोडणं सोडलं. भांडण असं काही केलं नाही. पस्तीस वर्षं गुरुवार धरले, न चुकता स्तोत्र म्हटलं, आणि त्याचं हे फळ असेल तर आता पुरे, एवढंच मनात आलं. आठवड्यातून दोनदा मी तिला जुईनगरहून खारघरला डायलिसिसला न्यायचो, चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसायचो आणि घरी आणायचो. तिचं पाणी मापून देणं, भाज्या उकळून त्यांचं पाणी टाकणं, गोळ्या, रिपोर्ट, सगळं मीच बघायचो. कुणी मदतीला पुढे आलं की माझ्या कामात खोट काढल्यासारखं वाटायचं.

आमची गाडी बारा वर्षांची. एक दिवस समोर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने ऑइलचं प्रेशर मोजून पाहिलं आणि सांगितलं की इंजिन ठणठणीत आहे, सेन्सर तेवढा गेलाय. तो लग्नासाठी गावी निघाला होता, आठ दिवस थांबा म्हणाला. मला कुठला दम! सेन्सर विकत आणला, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलला. पाना लावून अंगातलं सगळं बळ लावून आवळला. दिवा विझला. त्या संध्याकाळी मी वनिताला तो पराक्रम तीनदा सांगितला, आणि तिने तिन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं कौतुक केलं.

वनिताचं माहेर जासईचं. मी साताऱ्याकडचा, ती आगरी. लग्नानंतर वर्षभर तिच्या घरचे माझ्याशी बेतानेच बोलायचे. पुढे तेच मला पानात मासळीचा मोठा तुकडा वाढायला लागले. माहेरच्या गावदेवीची ओटी भरायला ती दरवर्षी जायची. आजारपणात दोन वर्षं ते राहून गेलं होतं. ती मागणारी बाई नाही, पण त्या आठवड्यात तिने विचारलं, एकदा न्याल का? देवीवर माझा विश्वास उरला नव्हता, वनितावर होता. डायलिसिसच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ओटीचं सामान मांडीवर घेतलं होतं.

उलवे मागे पडलं आणि कंटेनरच्या ट्रेलरांची रांग सुरू झाली. तेवढ्यात काहीतरी जळल्यासारखा वास आला आणि तोच लाल दिवा पुन्हा पेटला. मी वैतागून म्हटलं, नवा सेन्सरही खराबच निघाला. खोटा दिवा आहे, जासई काही लांब नाही, जाऊ तसेच. वनिता कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “अहो, थांबवा. माझ्यासाठी थांबवा.” मी नाखुशीने गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर सेन्सरपासून खालपर्यंत सगळं इंजिन तेलाने न्हालेलं, आणि गरम भागावर पडलेल्या तेलाचा धूर निघत होता. तेलाची पट्टी ओढून पाहिली, ती जवळजवळ कोरडी. आणखी थोडं रेटलं असतं तर चालत्या ट्रेलरांच्या मधोमध इंजिन जाम झालं असतं. उद्या सकाळी हिचं डायलिसिस, आणि मी हिला इथे आणून बसवलं होतं.

समोर गॅरेजची पत्र्याची शेड होती. तिथून पन्नाशीची एक बाई आली, साडीवर पुरुषाचा शर्ट चढवलेला, हाताला ग्रीस. मला वाटलं ती आधी इंजिन बघेल. तिने आधी वनिताकडे बघितलं. दार उघडलं, तिचा उजवा हात धरून तिला अलगद उतरवलं आणि डाव्या हाताला जराही धक्का लागू दिला नाही. त्याच हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे. आमचे नातेवाईकसुद्धा हे विसरतात. शेडमध्ये खुर्चीवर बसवून तिने त्या हाताखाली उशी दिली, आणि पाण्याचा तांब्या पुढे न करता बर्फाचा एक लहानसा खडा वाटीत आणून दिला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“हाताची शीर दिसली ना,” ती म्हणाली. “माजे मालक तीन वरसं त्या मशीनवर होते. ही शेड त्यांचीच हाय.”

कुंदाताई तिचं नाव. इंजिन निवेपर्यंत हात लावता येणार नव्हता, म्हणून आम्ही बसून राहिलो. बोलता बोलता तिने मला विचारलं, घरचं, दवाखान्याचं, सगळं एकटेच करता का? मी जरा ताठ होऊन हो म्हटलं. ती हसली नाही, रागावलीही नाही.

“मी पन असंच करायची. कोनाला हात लावू द्यायची नाय. मंग एक दिवस मालकच बोलले, मशीननं नाय दमत मी, तुला बघून दमतो.”

मी वनिताकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत खाली बघत होती. मला कळलं की हेच वाक्य ती कितीतरी महिने पोटात घेऊन बसली होती. आमची पल्लवी, आमची एकुलती एक लेक, दर आठवड्याला विचारायची, “बाबा, मंगळवारी आईला मी नेऊ?” आणि दर वेळी मी ‘तुला जमायचं नाही’ म्हणून तिला वाटेला लावायचो. तो नकार मी प्रेम समजत होतो.

इंजिन निवल्यावर कुंदाताईने सेन्सर सोडवला. आत बॅटरीचा उजेड टाकला, टोकदार सळईने काहीतरी खरवडलं आणि तांब्याची एक पातळ चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली. जुना वॉशर. तो आत चिकटून राहिला होता आणि मी नवा त्याच्यावरच बसवला होता.

“मंग कितीबी जोर लावा,” ती म्हणाली, “तेल गलनारच.”

तिने जागा पुसून स्वच्छ केली, एकच नवा वॉशर घातला, सेन्सर आधी बोटांनी फिरवला आणि शेवटी पान्याने बेताचाच आवळला. तेल भरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. खाली धरलेलं फडकं कोरडंच राहिलं. निघताना ती वनिताला म्हणाली, “देवीला माज्या नावानं पन हलद-कुंकू वाहा.”

देव सोडल्यापासून मी कुठल्याही देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहायचो. त्या दिवशी आत गेलो. वनिताने ओटी भरली, कुंदाताईच्या नावाने हळद-कुंकू वाहिलं. मी डोकं टेकवलं आणि काय मागावं ते सुचेना. मनात एवढंच आलं, आई, माझ्याच्याने होत नाही. इतकी वर्षं पाठ केलेल्या स्तोत्रांत मी हे कधी म्हटलं नव्हतं. डोळे वाहायला लागले, आणि वनिता शेजारी उभी राहून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाहेर पायरीवर बसून मी पल्लवीला फोन केला आणि मंगळवारी आईला नेशील का, असं विचारलं. “किती वाजता येऊ?” तिने लगेच विचारलं.

वनिता बरी झालेली नाही. डायलिसिस चालू आहे आणि चालूच राहील. देवीने त्या बाईला आमच्यासाठी तिथे उभं केलं, की ती शेड कायमच तिथे होती आणि आम्ही नेमके तिथे थांबलो, हे मला माहीत नाही. गाडीचं काम आता आम्ही तिथेच नेतो, आणि दोघी बायका तासभर बोलत बसतात. मला एवढं कळलं की शरण जाणं म्हणजे हात टेकणं नव्हे. आपण धरून ठेवलेलं थोडं दुसऱ्याच्या हाती देणं, आणि ते हात कुणी पाठवले याचा हिशेब न करता नमस्कार करणं.

पहिल्या मंगळवारी मायलेकी खारघरला गेल्या आणि मी घरात येरझाऱ्या घालत राहिलो. संध्याकाळी दोघी हसत आल्या. त्या चार तासांत पल्लवीने आईच्या केसांना तेल लावून छान वेणी घातली होती. दोन वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.