जायफळाचा आळ

पोरीच्या तळपायाला मी टिचकी मारली. तिनं डोळे किलकिले केले, तोंड वाकडं केलं आणि परत झोपली. दुसरी टिचकी मारली, तर तेवढंही नाही. सव्वा महिन्याचं मूल टिचकी बसली की घर डोक्यावर घेतं. ही ढिम्म.

"लय गुणाची हाय बाई. रडत नाय, काय नाय," पोरीची आईकडची आजी म्हणाली.

"मावशी, इतकं गुणाचं मूल मला नको असतं," मी म्हणाले आणि पोरीला झोळीत घालून काट्याला लटकवलं.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. ओझरजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लेडी हेल्थ व्हिजिटर होते. लोक म्हणायचे सिस्टर. गरोदर बाया, तान्ही मुलं, टोचण्या, सगळं माझ्याकडे. मंगळवार वजनाचा. प्रत्येक मुलाचं एक कार्ड असायचं आणि त्यावर वजनाची रेघ. रेघ चढली तर मूल बरं, आडवी गेली तर चौकशी, उतरली तर डॉक्टर. एवढं साधं शास्त्र. या पोरीची रेघ आडवी होती.

आईचं नाव शोभा, वय वीस. नवरा दिलीप विमानाच्या कारखान्यात फिटर. पहिलटकरीण म्हणून बाळंतपण माहेरी, सायखेड्याला झालेलं. सव्वा महिना झाल्यावर तिची आई चंद्राबाई तिला सासरी पोचवायला आली होती आणि चार दिवस राहिली होती. त्यामुळे त्या मंगळवारी बाकावर शोभा मधे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू राधाबाई. दोघी विहिणी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या. म्हणजे पटत नव्हतं.

मी शोभाला म्हटलं, "माझ्यासमोर पाज बघू." ती बाकावरून उतरली आणि खाली भिंतीला टेकून बसली. मला ते आवडलं नाही. "अगं, जमिनीवर काय गबाळ्यासारखी बसतेस? बाकावर ताठ बस. घरीसुद्धा खाटेवर बसून पाजत जा, पाठ दुखणार नाही." ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठून बाकावर बसली. दूध भरपूर होतं. पोर चार घोट ओढायची आणि झोपायची. पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर वजन केलं. काटा जेमतेम हलला.

दूध आहे, मूल ओढत नाही, मूल झोपतं. आमच्या भागात तेव्हा अशा वेळी पहिला संशय अफूचा यायचा. शेतावर जाणाऱ्या बाया मूल शांत राहावं म्हणून चिमूटभर अफूची गोळी द्यायच्या. ते बंद झालं असं सगळे म्हणायचे, पण मी दोन मुलं माझ्या हातानं हॉस्पिटलात पोचवली होती. माझा आवाजही दांडगा. मी सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांगा, पोरीला अफू कोण देतंय? कायतरी पोटात जातंय तिच्या."

बाकांवरच्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. शोभाचा चेहरा पांढराफटक पडला. राधाबाईंनी विहिणीकडे पाहिलं. चंद्राबाई हात जोडून म्हणाल्या, "अफू नाय बाई. जायफळ. गुटीत जरा जास्त उगाळलं म्या. चुकलं माझं."

गुटी म्हणजे मुळ्या, हळकुंड, जायफळ वगैरे सहाणेवर एकेक वेढा उगाळून तान्ह्या मुलाला चाटवतात ती. जायफळ जास्त झालं तर मूल पेंगतं. माझ्या दृष्टीनं केस सुटली. चंद्राबाईंना मी चांगली दहा मिनिटं झापलं. राधाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं असलं कधी झालं नसतं." गुटी बंद, असा हुकूम मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चंद्राबाई सायखेड्याला निघून गेल्या.

पुढच्या मंगळवारी पोर होती तशीच. गुटी बंद, जायफळ बंद, आणि पोर झोपलेली. रेघ आडवीच.

मला काही कळेना. आता घरात उरल्या राधाबाई. मी आवाज जरा खाली आणून विचारलं, "तुम्ही तर काही देत नाही ना?" त्या इतक्या भडकल्या की उरलेला वेळ माझ्याशी बोलल्याच नाहीत.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर नवे होते, कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं झालेली.

"ताप?"

"नाही सर."

"कावीळ?"

"नाही."

"आईला काही आजार?"

"विचारलं सर. नाही म्हणाली."

विचारलं होतं हे खरंच. फक्त राधाबाई शेजारी बसलेल्या असताना विचारलं होतं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. काही कळेनासं झालं की आमच्याकडे टॉनिक लिहायची पद्धत होती.

तिसऱ्या मंगळवारी सगळं उलटं. पोर जागी. नुसती जागी नाही, किंचाळत होती. भांडं वाजलं की दचकायची, हात थरथरायचे, अंगावर घेतली की दोन घोट ओढून तोंड बाजूला. राधाबाई म्हणाल्या, "झाली बाई जागी एकदाची." मलाही आधी बरंच वाटलं. मग मी तिच्या हातांकडे नीट पाहिलं आणि वजन केलं. रेघ उतरली होती.

तेच घर, तीच आई, तेच दूध. गुटी नाही, अफू नाही. आठ दिवसांपूर्वी पोर उठत नव्हती आणि आता झोपत नव्हती. बारा वर्षांच्या नोकरीत असं कार्ड पाहिलं नव्हतं. मी घाबरले, हे कबूल करते. शोभाला म्हटलं, उद्या घरी येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दोन खोल्यांचं घर. राधाबाई बाहेर नळावर पाणी भरत होत्या. शोभा आत खाटेवर बसून पाजत होती. पाय खाली सोडलेले, पाठ ताठ, मी शिकवलं होतं अगदी तसं.

"शाब्बास," मी म्हणाले.

ती बोलली नाही. भिंतीकडे बघत होती. पण त्या बघण्यात काही नव्हतं. तोंड काही चघळल्यासारखं हलत होतं. मग तिचा हात सैल पडला आणि पोर मांडीवरून घसरली.

मी बॅग टाकली आणि धावले. पोर दुपट्यासकट माझ्या हातात आली. शोभा मात्र खाटेवरून खाली पडली, अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले. पोरीला मी कोपऱ्यात गोधडीवर ठेवलं, शोभाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा पदर घातला. राधाबाई हंडा घेऊन दारात आल्या, हंडा तिथंच टाकला आणि चप्पल घेऊन शोभाच्या नाकाशी धरायला धावल्या. "ठेवा ती खाली," मी म्हणाले. "काही हुंगवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. नुसतं थांबायचं." दोन मिनिटं गेली असतील. मला तो अख्खा तास वाटला.

शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "पोरगी?"

पोरगी दाखवली. मग तिनं सांगितलं. फिट बाराव्या वर्षापासून येत होत्या. नाशिकच्या एका डॉक्टरांची गोळी चालू होती, फेनोबार्बिटोनची. ही फिटची जुनी गोळी, अंगावर झोप आणणारी. गोळी घेतली की फिट यायची नाही. लग्न ठरताना माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. दिलीपला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. तो डब्याच्या पिशवीतून गुपचूप गोळ्या आणून द्यायचा. आईला सांगायची त्याची हिंमत नव्हती.

"मग गोळी चालू असताना फिट कशी आली?"

"बंद केली. आठ दिवस झाले."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"तुम्हीच म्हणालात ना, कायतरी पोटात जातंय. आईनं जायफळाचा एकच वेढा दिलेला. ते बंद केलं तरी पोरगी झोपतच होती. मग राहिलं काय? माझीच गोळी दुधातून जात असंल."

मला दोन आठवड्यांत सुचलं नव्हतं ते तिनं एकटीनं शोधलं होतं, आणि पोरीसाठी स्वतःचं औषध बंद करून बसली होती. जमिनीवर बसून का पाजायची, तेही मग कळलं. फिट आलीच तर पोरगी उंचावरून पडू नये म्हणून. तिला खाटेवर बसवणारी मी. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

राधाबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पोरीला दुधाचा डबा चालू करा. हिला सायखेड्याला धाडते. पोरगी हितंच राहील."

शोभा नुसती माझ्याकडे बघत होती. तिचं दूध चांगलं आहे, असं मी तेव्हा ठासून सांगायला हवं होतं. पण मलाच माहीत नव्हतं. गोळी घ्यावी तर पोर झोपते, न घ्यावी तर आई पडते. पाजू नको म्हणावं, तर पोर हिच्यापासून तोडल्यासारखंच. मी म्हणाले, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी कुठं जायचं नाही," आणि सगळ्यांना घेऊन केंद्रावर आले.

डॉक्टरांनी जाडं पुस्तक काढलं. बराच वेळ वाचलं.

"दोन ओळी आहेत, सिस्टर. एक म्हणते, पाजताना काळजी घ्या. दुसरी म्हणते, फार काळजीचं कारण नाही."

"मग मी यांना काय सांगू?"

"मलाही कळत नाही," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. त्यांनी टॉनिक लिहिलं नाही. नाशिकच्याच दुसऱ्या एका वयस्क डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. आम्ही एसटीनं तसेच नाशिकला गेलो.

त्या डॉक्टरांनी शोभाला पहिला प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. "गोळी किती घेतेस?"

तिनं रुमालातून घडी पडलेली चिठ्ठी काढली. डॉक्टरांनी तारीख पाहिली.

"ही सातव्या महिन्यातली आहे. पोटुशी असताना औषध अंगी पुरत नाही म्हणून गोळी वाढवली होती. बाळंत झाल्यावर कमी कुणी केली?"

कुणीच केली नव्हती. माहेरी सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, आणि सासरी आल्यावर ती विचारणार कुणाला? बाळंतपणानंतर तीच गोळी तिला जास्त व्हायला लागली आणि दुधातून पोरीलाही. मग एकदम बंद केल्यावर आईला फिट आली. पोरीला तर पोटात असल्यापासून त्या औषधाची सवय, म्हणून ती थरथरत होती. माझं उलटसुलट कार्ड त्यांनी पाच मिनिटांत सरळ करून दाखवलं.

गोळी पुन्हा सुरू झाली, गरोदरपणाआधी होती तेवढीच. पाजणं चालू ठेवायचं. पोर पेंगुळली तर एखाददुसऱ्या वेळचं दूध वाटी-चमच्यानं द्यायचं. दर आठवड्याला वजन. आणि आपल्या मनानं गोळी सोडायची नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

राधाबाईंनी विचारलं, "म्हंजी दूध चांगलं हाय?"

"दूध चांगलं आहे. गोळीही चांगली आहे. गोळीचं प्रमाण चुकलं होतं."

"आन् पुन्ना फिट आली तर?"

हे मात्र मी सांगितलं. जमिनीवर, भिंतीला टेकून, भोवती गोधड्या घालून पाजायचं. पोरीला एकटीनं आंघोळ घालायची नाही. एकटीनं स्टोव्हपाशी बसायचं नाही.

"मंग आंघोळ, सैपाक, समदं म्याच करायचं?"

"हो."

शोभाचा जीव टांगणीला लागला होता, माझाही. मग राधाबाई उठल्या, पोरीला खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "दिल्याला येऊ दे आज घरी." सायखेड्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

राधाबाई काही एकदम मवाळ झाल्या नाहीत. विहिणीशी वर्षभर बोलल्या नाहीत. पण रोज संध्याकाळी शोभासमोर उभ्या राहून गोळी गिळायला लावायच्या आणि वर "आ कर" म्हणून तोंड तपासायच्या. पोरीचं थरथरणं आठवड्याभरात थांबलं. रेघ आधी आडवी झाली, मग चढायला लागली. दोन महिन्यांनी तळपायाला टिचकी मारली तर पोरीनं सगळं केंद्र दणाणून सोडलं.

एका रविवारी मी सायखेड्याला गेले. चंद्राबाई वाफ्यात कांद्याची रोपं लावत होत्या. मी बांधावरूनच म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला चारचौघांत नको ते बोलले. पण तुम्ही खोटं का सांगितलंत? मला खरं सांगितलं असतं तर पोरीचे दोन आठवडे वाचले असते."

त्यांनी हात धुतले. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमी समद्यांदेखत इचारलं. मंग समद्यांदेखत सांगण्याजोगं होतं ते सांगितलं."

मी बांधावर बसले आणि रोपांची पुढची जुडी त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर मी वजनाच्या खोलीला जुन्या चादरीचा पडदा लावला. मूल आणि आई आत, बाकी सगळ्या बाहेर बाकावर. सासवा कुरकुरायच्या, कुरकुरू दिलं. आत आल्यावर आवाज खाली आणून पहिलं विचारायचे, "तुला कुठली गोळी चालू आहे?" आणि दुसरं, "घरात कुणाला माहीत आहे?" पुढे निवृत्त होईपर्यंत हे दोन प्रश्न विचारत राहिले. दुसऱ्या प्रश्नावर किती जणींनी आधी पडद्याकडे पाहिलं आणि मग नुसती 'नाही' अशी मान हलवली, ते मी मोजलं नाही.