पिशीने वळवलेल्या पाकळ्या

तळ्यात वाढणाऱ्या शोला नावाच्या झुडपाचा पांढरा, भुसभुशीत गाभा कागदासारखा पातळ तासणं त्याची फुलं-मुकुट घडवणाऱ्या आम्हा मालाकारांत कुणालाही येतं. तो वळवावा निस्तारिणी पिशीनेच. पिशी म्हणजे बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं.

तासलेली पाकळी अगदी सपाट असते. पिशी ओलं बोट फक्त तिच्या खालच्या अंगावरून फिरवायची. ते अंग पाणी पिऊन फुगायचं, वरचं कोरडं तसंच राहायचं आणि पाकळी वाटीसारखी वर वळायची. नवरदेवांच्या टोपोरावर, म्हणजे मुकुटावर, त्या पाकळ्या फुललेल्या दिसायच्या. पण विधवेने वळवलेला टोपोर कोण घालणार? म्हणून ती गोठ्यामागच्या खोलीत बसायची आणि पंचक्रोशीत नाव व्हायचं बाबांचं.

माझ्या लग्नात होणाऱ्या जावयाचा टोपोर मात्र बाबा स्वतः करायला बसले. “दिदी, ह्याला हात लावायचा नाही.”

तीन दिवस पाकळ्या चिरत होत्या, नाहीतर चपट्याच राहत होत्या. पिशी दारातून म्हणाली, “अरे हरी, म्हैस धुतोयस का? किती ते पाणी!”

लग्नाच्या सकाळी टोपोर अंगणात आणला, तर पाकळी न् पाकळी उमललेली! बायका “वा, हरिदा!” म्हणाल्या. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

“दिदी, तू?”

“पोरीच्या लग्नात चपट्या पाकळ्या? मला नाही बघवलं रे.”

“अपशकुन केलास.”

“मग इतकी वर्षं लोकांच्या जावयांना काय घातलंस?”

“ते लोकांचे जावई.”

माझा बाप, आणि हे भर अंगणात बोलतो? तेवढ्यात बाबा माझ्याकडे वळले. “टुकी, लग्न तुझं. तू सांग, चालेल?”

पिशी माझ्याकडे बघून चक्क हसली. तिला खात्रीच होती.

मी मान हलवली. नाही म्हणून.

बाबांना काय नावं ठेवू? मला अजून माझाच धक्का ओसरलेला नाही. पिशीने टोपोर उचलला आणि ती गोठ्यामागे निघून गेली. सासरी निघताना मी तिच्या पाया पडायला गेले, तर आतून कडी होती.