दोन बटणांचे किट

घाटकोपरच्या आमच्या चाळीत बाबांचा टेप लागला की दशावतार तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा. बाबांना मात्र तो धड ऐकू येत नसे. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात त्यांचे आयुष्य गेले होते. त्याच पगारावर मी गावाकडच्या हायस्कुलात शिकलो आणि आमच्या घरातला पहिला बीएस्सी झालो.

एकदा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या राक्षसाने आमचं बाळ उठवलं ना." बाबा हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टेपला हात लावला नाही. विचारले की म्हणत, "कंटाळो इलो."

कंटाळा आला नव्हता, हे मला कळत होते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन नुसता टेपला जोडून पाहिला, तर आवाज फारच बारीक. मध्ये ॲम्प्लिफायर हवा होता. मी ठरवले, सुट्या भागांचे किट आणायचे आणि घरीच जोडायचे.

भाजीला निघालेली आईही माझ्याबरोबर रेडिओच्या सामानाच्या दुकानात आली. शेठने दोन किट काउंटरवर मांडले. जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हची भानगड दोन्हींत नव्हती. एक आयसीच्या एकाच चिपवर चालणारे, सोपे, आवाजाला एकच बटण. दुसरे सुट्या ट्रान्झिस्टरांचे. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळे सर्किट, वेगळे बटण. मी पहिले उचललेच होते.

"ह्येका दोन बटणां कित्याक?" आईने विचारले.

मी सांगितले.

"मग ह्याच घे. त्यांका उजव्या कानान धड ऐकाक येणा नाय. मी कायम डाव्या बाजून बोलतंय."

इतकी वर्षे आई बाबांच्या डावीकडेच बसते, हे मी पाहिले होते. त्याचे कारण मात्र कधी मनात आले नव्हते.

शेठ म्हणाला, "अरे, टेप तुझा मोनो, दोन्ही कानांना एकच आवाज. दोन बटणं काय करायची? सोल्डरिंग केलंयस कधी?"

"नाही."

"मग वाट लागेल तुझी. तू ते सोपं घे. झकास आहे, एका रविवारी होईल."

"टेप एक असला तरी कान दोन आहेत, शेठ."

तो हसला. दुसरे किट बांधून देताना त्याने बिघडलेल्या रेडिओच्या सर्किटची एक जुनी पट्टीही वर ठेवली. "आधी यावर हात बसव. ट्रान्झिस्टर तापवत राहू नको, जळतो."

ते ऐकूनही मी एक जाळलाच. तो बदलला. मग सगळे जोडल्यावर नुसतीच घरघर आली. "ठेव आता," आई म्हणाली. मी ठेवले नाही. एकेक जोड किटमधल्या सर्किटच्या नकाशाशी ताडून पाहत गेलो, आणि अखेर एक तार भलत्याच जागी लागलेली सापडली.

बाबा हेडफोन लावून बसले. डावे बटण थोडेसे फिरवताच त्यांनी मान डोलावली. उजवे मी हळूहळू वाढवत नेले. त्यांचा चेहरा हलेना. बटण शेवटाला येत आले, तेव्हा त्यांनी एकदम हात वर केला. साचेखात्यात माणसे अशीच हातांनी बोलत. थांब.

"मृदंग डोक्याच्या मधी इलो," ते मोठ्याने म्हणाले. "आतापर्यंत एका बाजूक होतो."

आईने त्यांना हळू बोलायची खूण केली. त्यांनी ती पाहिली नाही. कॅसेट संपली, तेव्हा हेडफोन न काढताच ते म्हणाले, "दुसरी बाजू लाव रे."