गाण्यातून काढलेली ओळ

तुमच्या भाषेतला एक शब्दही ज्याला कळत नाही, अशा माणसाला तुम्ही तीन मिनिटांत रडवू शकाल का?

मी रडवू शकेन, अशी मला खात्री होती. बोईसरच्या आमच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे कायम असायचे. बाबा कारखान्यातल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि मी ती गेटवर वाटायचे. वाचायलाही मी त्यांच्यावरच शिकले, शाळेच्या पुस्तकाच्या आधी. माणसाला जागं करायचं तर शब्द ठाम हवेत, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यामुळे पालघरच्या कॉलेजातली माझी सातपाटीची मैत्रीण जेव्हा म्हणाली की तिला एका गाण्यासाठी शब्द हवेत, तेव्हा मी विचारही केला नाही. हो म्हटलं.

ही मैत्रीण हळदीच्या कार्यक्रमांत गाते. आवाज असा की मांडवाच्या मागे भांडी घासणाऱ्या बायकाही हात थांबवतात. पण तिथे लोकांना दुसऱ्यांचीच गाणी हवी असतात. स्वतःचं गाणं तिने कधी कुणासमोर म्हटलं नव्हतं. आणि आता एक स्पर्धा निघाली होती, प्रत्येक देशाने एकेक गाणं पाठवायची. मुंबईची एक निवड समिती काही गाणी मंजूर करणार होती आणि त्यांतून आपल्याकडून कोणतं जायचं ते लोकांच्या मतांवर ठरणार होतं. गाणं नवं हवं, भाषा कुठलीही चालेल, तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. निवड झाली तर ती परदेशातल्या मंचावर उभी राहून स्वतःचं गाणं म्हणणार होती. तिला एवढंच हवं होतं, पण ते फार हवं होतं.

चाल बसवायला आम्ही बोईसरजवळच्या सरावली गावात एका किबोर्डवाल्याच्या खोलीवर जमायचो. हा दिवसा औद्योगिक वसाहतीत ड्यूटी करायचा आणि लग्नसराईत किबोर्ड वाजवायचा. परदेशांतल्या अशा स्पर्धांची मागच्या कित्येक वर्षांची गाणी त्याच्या मोबाईलवर होती. कोणत्या देशाचं काय चुकलं हे तो आमच्याकडे गल्ली क्रिकेटवर बोलतात तसं बोलायचा.

मला पहिला धक्का त्या खोलीत बसला. जिंकलेली गाणी बघताना मी सगळीकडे मोठा विषय शोधत होते. काहींत नुसता झगमगाट होता, पायाखाली धूर आणि अंगावर पिसं. पण एका गाण्यात साध्या कपड्यातली एक बाई हलत नव्हती, डुलत नव्हती, उभी राहून गात होती, आणि आम्ही दोघी रडायला लागलो. गाणं संपल्यावर किबोर्डवाल्याने अर्थ शोधून वाचून दाखवला. भाऊ घर सोडून गेला, त्याच्या चपला अजून दारात आहेत, एवढंच होतं त्यात. मला रागच आला. भाऊ का गेला? कुणामुळे गेला? तिला त्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं का?

किबोर्डवाल्याचं म्हणणं सरळ होतं. मत देणारा माणूस एका बैठकीत ढीगभर गाणी ऐकतो. शेवटी त्याच्या डोक्यात एखादीच गोष्ट उरते. ध्रुपद असं हवं की दुसऱ्यांदा आलं की ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप उघडावं. त्यात दिसणारी, हाताला लागणारी एक वस्तू हवी. बाकी सगळं त्या वस्तूपर्यंत पोचायचा रस्ता.

मी लिहून आणलेल्या कडव्यांत खाडी होती, रसायनं होती, हक्क होते, आणि शेवटी सरळ 'जाब द्या' होतं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "दीदी, ये गाना नहीं, नोटीस है. गेट पे चिपका दो."

मैत्रीण हसून हसून भिंतीला टेकली. मी मात्र एक शब्द बदलू दिला नाही. शेवटी कडवी माझी आणि ध्रुपद तिचं, असं ठरलं. ध्रुपदात तिने एकच ओळ ठेवली:

'आयेच्या हाताला म्हावऱ्याचा वास नाय.'

म्हावरं म्हणजे मासळी. तिची आई वर्षानुवर्षं सातपाटीहून टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. आईच्या हाताच्या वासाची मैत्रिणीला लहानपणी फार लाज वाटे. डबा उघडला की शेजारची मुलगी सरकून बसायची. म्हणून ही संध्याकाळी आईचे हात लिंबाची साल आणि चण्याचं पीठ लावून घासायची, वास जाईपर्यंत सोडायची नाही. पुढे खाडीतली मासळी कमी होत गेली, टोपली भरेना, आणि आईने तारापूरच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. आता ती दिवसभर रबरी हातमोजे घालून बाटल्या खोक्यात भरते. हात स्वच्छ असतात. पावडरीचा थोडा वास येतो, बस.

ही ओळ मला कमकुवत वाटली. तिच्यात ना मागणी, ना आरोप. मी तसं बोलूनही दाखवलं. मैत्रीण म्हणाली की तिला दुसरं काही म्हणायचंच नाहीये.

समितीला पाठवण्याआधी आम्ही ते गाणं सातपाटीला तिच्या घरी ऐकवलं. आई ओट्याशी कोळंबी सोलत होती, विकत आणलेली. ध्रुपद आलं तसा तिचा हात मंदावला. गाणं संपल्यावर ती लेकीकडे न बघता म्हणाली, "आता वास नाय तर रडतेस. तवा नाक धरत होतीस गो." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझंबी चांगलं हाय, बाय. जरा भांडखोर हाय."

गाणं पहिल्या चाळणीतून पार झालं. समितीने आम्हाला व्हिडिओ कॉलवर बोलावलं, तेव्हा आम्ही तिघं सरावलीच्या खोलीत एका लॅपटॉपसमोर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. समोर एक बाई आणि दोन पुरुष होते, तिघंही नीट, प्रेमळ बोलणारे. चाल आवडली म्हणाले. आवाजाचं फार कौतुक केलं. कडव्यांत जोश आहे, बाहेरच्या लोकांना असा जोश आवडतो, असंही म्हणाले. मी ताठ बसून होते. 'जाब द्या' त्यांनी ऐकलं होतं, ते आता त्यावर येणार आणि मी त्यांना उत्तर देणार. माझी तयारी झाली होती.

ते त्यावर आलेच नाहीत. बाई म्हणाल्या, एकच ओळ काढावी लागेल, ती हाताची.

मला वाटलं, मासळीच्या वासामुळे किळस येईल असं त्यांना म्हणायचं असेल. त्यावरही माझ्याकडे उत्तर होतं. पण त्यांनी सांगितलं ते वेगळंच होतं. त्या म्हणाल्या, "ती ओळ आली की ऐकणारा थांबतो. आईच्या हाताला वास का नाही, असा प्रश्न त्याला पडतो. मग तो शोधायला लागतो. स्पर्धेच्या नियमात राजकारण बसत नाही, कळतंय ना?"

मी म्हटलं, कडव्यात तर मी नाव न घेता कारखान्यांना सरळ जाब विचारलाय. खाडी मारली असं स्पष्ट म्हटलंय.

त्या हसल्या. कुत्सितपणे नाही, आपुलकीने. "ते चालतं गं. ते सगळ्याच गाण्यांत असतं."

कॉल संपल्यावर मी लॅपटॉप मिटला. बाहेर शिफ्ट सुटल्याचा गलबला होता. एवढी वर्षं मला वाटत आलं होतं की माझे शब्द कुणालातरी झोंबतात. बाबांचे झोंबायचे, त्यांना त्याचे परिणाम भोगावे लागले, ते मी पाहिलं होतं. आणि माझ्या शब्दांना मात्र या माणसांनी ढोल-ताशाच्या बरोबरीने जोश म्हणून पास करून टाकलं होतं. जिच्यात मला काहीच दिसलं नव्हतं, त्या ओळीला ते घाबरले. अजूनही मी या धक्क्यातून बाहेर आलेली नाही. लिहायला बसले की प्रत्येक ठाम शब्दापाशी मला त्या बाईंचं ते आपुलकीचं हसू दिसतं.

मी मैत्रिणीला म्हटलं, माघार घे. ओळ नाही तर गाणं नाही, असं कळवून टाक. त्यावर ती माझ्यावर पहिल्यांदाच चिडली. माघार घेतली की मी त्यावर लेख लिहीन आणि ती परत हळदीत दुसऱ्यांची गाणी म्हणेल, असं म्हणाली. ते खरं होतं. मग मी म्हटलं, निदान माझी कडवी काढ, त्यांचा काय उपयोग? त्यावर तिला हसू आलं.

"राहू दे. तुझी कडवी म्हंजे आपला गेटपास हाय. त्यांच्यावरच आपण आत शिरलो."

किबोर्डवाल्याने त्या जागी बासरीचा तुकडा बसवून पाहिला. गोड होता. तिने तो काढायला लावला. दुसरी ओळही घेतली नाही. ध्रुपद जिथे यायचं तिथे तिने ओळीएवढी जागा मोकळी सोडली. वाद्यं थांबतात, ती गाताना घेते तसा श्वास घेते, आणि पुढे काहीच येत नाही. मग कडवं सुरू होतं. समितीला ती शांतता फार परिणामकारक वाटली. गाणं मंजूर झालं.

रेकॉर्डिंगच्या वेळी मी काचेच्या या बाजूला होते. मोकळ्या जागेत तिचे ओठ मिटलेले होते. दर वेळी तिथे आल्यावर ती आपले तळहात उघडून त्यांच्याकडे बघत होती. रेकॉर्डिंगमध्ये ते कुणाला दिसणार नाही.

आता ते गाणं इंटरनेटवर आहे आणि लोकांची मतं अजून यायची आहेत. ते पुढे जाईल की नाही, मला माहीत नाही. तिला जायचंय, आणि तिने जावं असं मलाही वाटतं. पण ते जसं आहे तसं ऐकून सोडू नका. पालघरात असा, पुण्यात असा, कुठेही असा, ते गाणं कानावर पडलं आणि वाद्यं थांबली, की तिथे ही ओळ तुम्ही म्हणा. मनात नको, मोठ्याने म्हणा. शेजारच्या माणसाने का म्हणून विचारलं, तर त्याला सातपाटीच्या टोपलीपासून सगळं सांगा, आणि पुढच्या वेळी त्यालाही म्हणायला लावा: आयेच्या हाताला म्हावऱ्याचा वास नाय.